मौका

बारा गावांचे पाणी प्यालेला, असे मराठीत ज्याच्याविषयी म्हणतात, तो मनुष्य मोठा पक्का आणि हिशेबी असावा अशी सार्वत्रिक समजूत आहे. आम्ही सरकारी नोकरीच्या एकतीस वर्षांत नऊ गावांचे पाणी प्यालो. अंगी पक्केपणा कितपत आला ते आमच्या वरिष्ठांनी गोपनीय अहवालांत लिहून ठेवलेच असेल. पण एक गोष्ट आमच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आली. ज्या ज्या गावाचे पाणी प्यालो, ते ज्या नदीचे होते, तिच्या काठाने कोसभरसुद्धा आम्ही कधी पायी चाललो नव्हतो. नद्या आम्हांला ठाऊक होत्या त्या कागदावरच्या. त्यांच्या पूररेषा आम्हांला माहीत होत्या, त्यांच्यावरील पुलांची अंदाजपत्रके आमच्या टेबलावरून गेली होती, आणि त्यांच्या पाण्यावरून दोन खात्यांत झालेला पत्रव्यवहार आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवू शकलो असतो. नदीचा आवाज मात्र ऐकला होता तो जीपच्या काचेआडून.

२०२२ साली आम्ही चंडीगडला होतो. सेवानिवृत्तीला दोन वर्षे उरली होती, आणि पुण्याच्या बंद घराच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे आहेत एवढ्यापुरतेच आमचे महाराष्ट्राशी नाते येऊन ठेपले होते. दसरा नुकताच झाला होता. दिवाळीला घरी जाण्याइतकी रजा मिळण्यासारखी नव्हती. एके दिवशी सकाळच्या चहाच्या वेळी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, विंध्य, सातपुडा, हिमालय, सगळे आपण विश्रामगृहाच्या व्हरांड्यातून पाहिले. आता एकदा तरी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून पाहू या."

या सूचनेवर टिप्पणी करण्यासारखे काही नव्हते. आम्ही तीन दिवसांची नैमित्तिक रजा टाकली, तिला एक रविवार जोडला आणि तीर्थन नदीच्या वाटेला लागलो.

चंडीगडहून मंडीमार्गे कुलूकडे जाताना औट येथे एक लांबच लांब बोगदा लागतो. बहुतेक मोटारी त्या बोगद्यातून मनालीकडे धावत सुटतात. बोगद्यात न शिरता जो रस्ता लारजीकडे वळतो, तो आमचा. लारजीजवळ सैंज आणि तीर्थन या दोन नद्या बियासला येऊन मिळतात. तिघींत बियास थोरली. पण तिला तेथे धरण घालून थोपवलेले आहे. सैंजच्या खोऱ्यातही वीजप्रकल्पांचे बांध आणि बोगदे झाले आहेत. एकटी तीर्थन तेवढी मोठ्या भिंतीवाचून वाहते. तिच्यावर वीजप्रकल्प होऊ नयेत म्हणून खोऱ्यातील लोक झगडले, न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यांचे म्हणणे मान्य झाले. हे कळले तेव्हा आम्हांला जरा नवलच वाटले. कारण नदी आहे तशी राहू द्यावी, अशा आशयाच्या आदेशाचा मसुदा आमच्या एकतीस वर्षांत आमच्याकडे कधी कोणी मागितला नव्हता.

बंजार मागे टाकून आम्ही साईरोपा येथे थांबलो. पुढचे अरण्य ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाचे आहे आणि तेथे जाण्याचा परवाना येथे मिळतो. खिडकीच्या आतल्या बाजूस बसून परवाने देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने खिडकीच्या बाहेर उभे राहून अर्ज भरावा, यात एक शिक्षण आहे. ओळखपत्राच्या प्रतीवर सही राहिली होती. तरुण कारकुनाने ती आम्हांला परत केली आणि आम्ही मुकाट्याने सही करून दिली. सौभाग्यवती भिंतीवरचा नकाशा फार लक्षपूर्वक पाहत होत्या. त्या हसत होत्या हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होते.

गुशैणीला आम्ही रात्र काढली. तेथे फलाचन नावाची दुसरी एक नदी तीर्थनला मिळते, त्यामुळे रात्रभर कानांवर दोन निराळे आवाज येत होते. सकाळी वाटाड्या आला. वय पंचविशीच्या आतबाहेर, डोक्यावर रंगीत पट्टीची कुलवी टोपी, पाठीवर आमचा शिधा. तो खालच्याच एका गावचा. आम्हांला तो "सर" म्हणू लागला आणि सौभाग्यवतींना "आंटीजी". अर्ध्या तासाच्या आत त्या दोघांचे इतके जमले, की वाटेवर पुढे ती दोघे आणि मागे आम्ही, असा शिष्टाचाराच्या दृष्टीने विपरीत क्रम ठरून गेला.

गुशैणीहून रोला नावाच्या मुक्कामापर्यंतची वाट सुमारे दहा किलोमीटरांची आहे. रोला समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरांच्या सुमारास. म्हणजे चढ बेताचा, पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना मानवेल असा. वाट नदीचा हात सोडत नाही. कधी ती पाण्याच्या इतकी जवळ येते की तुषार पायांवर उडावेत; कधी एखाद्या कड्याला वळसा घालण्यासाठी वर चढते, आणि नदी खाली हिरव्या काचेच्या पट्टीसारखी दिसू लागते. पहिल्या काही किलोमीटरांत माणसांची वस्ती आहे. घरांच्या दगडी पाट्यांच्या छपरांवर मक्याची कणसे वाळत घातली होती. साऱ्या डोंगरउतारावर जणू केशरी सतरंज्या पसरल्या होत्या. अक्रोडाच्या झाडांखाली मुले उरलासुरला अक्रोड शोधत होती. एका ओहोळावर पाणचक्की घरघरत होती. तिला तिकडे घराट म्हणतात. जात्याच्या वरच्या तळीवर मध्यभागी दाणे पडत होते, कडेने पीठ सांडत होते, आणि दळणारे माणूस कोठेच दिसत नव्हते.

हिवाळ्यासाठी गवत कापण्याचे ते दिवस होते. रोपा गावापलीकडे वाट अरुंद झाली आणि समोरून गवताचे चार प्रचंड भारे चालत येताना दिसले. जवळ आल्यावर भाऱ्यांखाली बायका आहेत असे कळले. आम्ही सवयीने वाटेच्या मधोमध उभे होतो. समोरच्याने बाजूला व्हावे, ही अपेक्षा आमच्या अंगात मुरलेली आहे. ती पदाबरोबर येते आणि बहुधा निवृत्तीवेतनाबरोबरही जात नाही. वाटाड्या मागे वळून हळूच म्हणाला, "सर, बोझेवाले को रास्ता।" आम्ही डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहिलो. चारही भारे आमच्या नाकावरून ओल्या गवताचा वास ठेवून गेले. ज्याच्या पाठीवर ओझे, त्याची वाट, हा त्या पायवाटेचा नियम. कोणत्याही नियमावलीत तो आम्ही वाचलेला नव्हता.

शेवटचे घर मागे पडले आणि अरण्य सुरू झाले. देवदार वरच्या अंगाला, नदीजवळ बान आणि खनोर. खनोर म्हणजे आमच्याकडे ज्याला रानटी चेस्टनट म्हणता येईल असे झाड. त्याची हाताच्या पंज्यासारखी पाने ऑक्टोबरात पिवळी पडतात आणि त्याची गुळगुळीत तपकिरी फळे वाटेवर विखुरलेली असतात. पाण्यातल्या एका खडकावर आखूड शेपटीचा, भुऱ्या रंगाचा एक गुबगुबीत पक्षी उभा होता. दोनचार वेळा त्याने उठाबशा काढल्यासारखे केले आणि आमच्या देखत तो सरळ पाण्याखाली चालत गेला. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. काही क्षणांनी तो पलीकडच्या खडकावर निघाला, तोंडात एक किडा, आणि पिसे कोरडी. आम्हांला प्रशिक्षणाच्या दिवसांतील एका वृद्ध व्याख्यात्याची आठवण झाली. ते म्हणत, अधिकाऱ्याने विषयात पूर्ण शिरावे, पण ओले होऊन बाहेर पडू नये. हा पक्षी त्यांनी पाहिला असता तर त्याला खात्याचे मानचिन्ह केले असते.

एका डोहाशी वाटाड्याने खाली बोट दाखवले. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून ठिपक्याठिपक्यांचे दोन मासे जागच्या जागी तरंगत होते. हे ट्राउट. ते येथले नव्हेत. १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या, कुलूला नेमणुकीवर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने ट्राउट येथल्या पाण्यात आणला. घरापासून हजारो मैल दूर बदली झालेल्या त्या माणसाला आपल्याकडच्या ओढ्यांची आठवण येत असेल. तुमच्याआमच्याप्रमाणे त्याने मंडळ काढले नाही की गणेशोत्सव केला नाही, मासे आणून सोडले. साहेब गेला, साम्राज्य गेले, मासा राहिला. पुढे चालताना आम्ही मनाशी हिशेब करू लागलो, की आमच्या नऊ गावांत आमच्या मागे काय राहिले असेल. एका गावी कार्यालयाच्या आवारात आम्ही गुलमोहर लावला होता. दुसऱ्या गावी सौभाग्यवतींनी शेजारणींना पुरणपोळी शिकवली होती. बाकी सर्व कागद.

काही वेळाने उद्यानाचे प्रवेशद्वार आले. द्वार म्हणजे वाटेवरची कमान, एक फलक आणि वनरक्षकाची चौकी. नोंदवहीत नाव, पत्ता, वेळ आणि प्रयोजन लिहायचे होते. पत्त्याच्या रकान्यात आम्ही नेहमीप्रमाणे अडखळलो. कोठून आलात, या प्रश्नाला परप्रांतात नेमणुकीवर असलेल्या माणसापाशी कधीच एका शब्दाचे उत्तर नसते. शेवटी चंडीगड लिहिले. प्रयोजनाच्या रकान्यात वरच्या साऱ्यांनी ट्रेकिंग लिहिले होते. आम्ही खाली दोन टिंबे दिली आणि आत गेलो.

आतले पहिले पाव कोस कोणीच बोलले नाही. नदीचा आवाज होताच. पण त्या आवाजाच्या आत एक अशी शांतता होती की आपल्या बुटांखाली पान चुरडले तरी अपराध्यासारखे वाटावे. माणसाची हाक नाही, कुऱ्हाडीचा ठोका नाही, गुरांच्या गळ्यातली घंटा नाही. आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, "हीच ती आदिम शांतता. सृष्टीच्या आरंभी सर्वत्र अशीच असेल."

वाटाड्याला मराठी कळत नव्हते, पण 'शांतता' हा शब्द त्याला कळला असावा. वाटेच्या कडेला एक मोठी सपाट शिळा होती. तिच्यावर हात ठेवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ही शांती नवी आहे. माझ्याच वयाची."

मग त्याने जे सांगितले ते असे. ती शिळा ओझी टेकण्याची होती. त्याच्या आजीच्या काळी उन्हाळा लागला की खोऱ्यातली शेळ्यामेंढ्यांची खिल्लारे याच वाटेने वर थाचांवर, म्हणजे बर्फरेषेखालच्या गवताळ पठारांवर, जात. बर्फ वितळले की बायका गुच्छी वेचायला जात. ही अळंबी वाळवून विकली की सोन्याच्या भावाने जाते. धूप आणि कडू यांची मुळे खणून आणीत. कडू म्हणजे आपल्याकडे वैद्य वापरतात ती कुटकी. शिळेपासून एक फाटा वर जात होता. तो त्याने आम्हांला दाखवला म्हणूनच दिसला. त्याच्यावर नेचे माजले होते. "आजी या फाट्याने जायची," तो म्हणाला. "१९९९ मध्ये बंद झाले."

१९९९ हे साल आम्हांला ठाऊक होते. त्या वर्षी सुमारे ७५४ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान अंतिमतः अधिसूचित झाले, आणि पुढे २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अधिसूचना काढण्यापूर्वी लोकांच्या हक्कांचा निवाडा करावा लागतो. तो करण्यासाठी जो आधार घेतला गेला, तो होता अँडर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८६ साली केलेल्या वननोंदींचा. कोणत्या वस्तीची गुरे कोणत्या रानात चरतील, कोणाला लाकूड मिळेल, हे त्याने मोठ्या बारकाईने लिहून ठेवले होते. ११३ वर्षांनी त्या नोंदींतल्या नावांचे वारस शोधले गेले आणि त्यांना भरपाई मिळाली. ज्यांची नावे त्या कागदात नव्हती, त्यांच्या वाट्याला बचतगट, जर्दाळूच्या बियांचे तेल काढण्याचे प्रशिक्षण, आणि पुढे वाटाड्याचे काम, असे काही ना काही आले. हक्क म्हणून मात्र काही आले नाही. त्याच वर्षी सैंजच्या बाजूला वीजप्रकल्पाच्या आड येणारा सुमारे दहा चौरस किलोमीटरांचा तुकडा उद्यानाच्या हद्दीतून वगळण्यात आला.

आम्ही वाटाड्याला विचारले, "मग तुमच्या घरचे नाव यादीत होते का?"

"नाही, सर. आजीचे नाव कागदात कुठून असणार? ती तर फक्त यायची-जायची."

हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. उलट लगेच तो उद्यानाची बाजू मांडू लागला. गुच्छी वेचण्याचे दिवस आणि पाखरांच्या विणीचे दिवस एकच असतात. मोनाल जमिनीवर घरटे करतो. रानात माणसे आणि त्यांची कुत्री भरली की अंडी राहत नाहीत. आणि जुजुराणा तर किती लाजरा! सर्व पक्ष्यांनी आपापले एकेक सुंदर पीस दिले आणि देवाने ते जोडून हा पक्ष्यांचा राजा केला, अशी त्यांच्याकडे कथा आहे. तो वरच्या रानात अजून आहे, हे या बंदीमुळेच. "मी दोनदा पाहिला," तो अभिमानाने म्हणाला. "आजीने शंभरदा पाहिला असेल." एवढे बोलून त्याने ओझे उचलले आणि तो चालू लागला.

आमचे पाय मात्र जड झाले. त्याच्या आजीमुळे नव्हे. तिच्या नातवाच्या त्या एका वाक्यामुळे.

१९९१ साली, नोकरीच्या पहिल्याच नेमणुकीत, आम्ही मध्य भारतातील एका जिल्ह्यात पुनर्वसनाच्या कार्यालयात दुय्यम अधिकारी होतो. एक धरण होत होते. बुडीत क्षेत्रातील हक्कदारांच्या याद्या करणे हे आमचे काम. दर मंगळवारी तक्रारी ऐकण्याचा दिवस असे, आणि दर मंगळवारी एक म्हातारा येई. त्याच्या नावावर जमीन नव्हती, पट्टा नव्हता, कशाचाही कागद नव्हता. तो रानात शेळ्या चारी, मोहाची फुले आणि चारोळी गोळा करी. आवारातल्या कडुनिंबाखाली तो बसून राही आणि त्याचा क्रमांक आला की हात जोडून एकच वाक्य बोले, "साहब, एक बार मौके पर चलिए।"

उत्तरेत नोकरी केलेल्यांना हा शब्द सांगायला नको. महसुली हिंदीत मौका म्हणजे जागा, घटनास्थळ. मौका मुआयना म्हणजे आपली स्थळपाहणी. त्याचे म्हणणे असे, की तुमच्या कागदात मी नसेन, पण रानात माझी वाट आहे. आजापासूनची. दगडावर पायऱ्या झिजल्या आहेत. येऊन पाहा, मग लिहा.

ते ठिकाण कार्यालयापासून सात कोस होते आणि शेवटचे दोन कोस जीप जात नसे. आम्ही त्याला दर वेळी सांगत होतो, "कागद आणा." एका मंगळवारी तो पानांच्या द्रोणात ओंजळभर चारोळी घेऊन आला आणि ती त्याने आमच्या टेबलावर ठेवली. आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतो आणि आपल्या सचोटीचा आम्हांला मोठा अभिमान होता. आम्ही शिपायाला बोलावून तो द्रोण बाहेर पाठवला आणि म्हाताऱ्याला चार लोकांसमोर सुनावले, की या कार्यालयात असले चालत नाही. तो काहीच बोलला नाही. त्याने द्रोण उचलला, सांडलेले दाणे वेचले आणि तो गेला. पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या अर्जावर आम्ही लिहिले: 'अभिलेखात नोंद आढळून येत नाही, सबब दावा अमान्य.' भाषा हिंदी होती; अर्थ हाच. वरिष्ठांनी त्या टिप्पणीच्या नेमकेपणाचे कौतुक केले.

शिळेवर हात ठेवून उभे असताना आम्हांला प्रथमच कळले, की ती चारोळी लाच नव्हती. कागद आणा, कागद आणा, असे आम्ही वर्षभर म्हणत होतो. त्याच्यापाशी जो होता तो पुरावा त्याने आणला होता.

रोल्याला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. देवदारांच्या मधली थोडी सपाट जागा, एक कुटी, आणि समोर नदी. येथून पुढे वाट दिवसच्या दिवस चालत तीर्थनच्या उगमापर्यंत जाते. त्या जागेलाच तीर्थ म्हणतात, आणि खोऱ्यातल्या देवता आपल्या परिवारासह तेथे स्नानाला जातात अशी रीत आहे. आम्हांला येथूनच परतायचे होते. वाटाड्याने चूल पेटवून राजमा-भात केला. जेवणानंतर नदीकाठच्या एका खडकावर बसून आम्ही सौभाग्यवतींना ती चारोळीची हकीकत सांगितली. एकतीस वर्षांत ती आम्ही त्यांना कधी सांगितली नव्हती, असे सांगताना लक्षात आले.

त्या बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणून का तुम्ही श्रीखंडातली चारोळी बाजूला काढून ठेवता?"

आम्ही खरे तेच सांगितले, की ती दातांत अडकते म्हणून. पण त्यांच्या या प्रश्नाने आम्हांला बरे वाटले. मनुष्य आपण समजतो त्यापेक्षा चांगला असावा, अशी आशा बायको करते, आणि ती खोडून काढताना निदान खरे बोलण्याची संधी मिळते.

"आता जाऊन पाहता येईल का ती जागा?" त्यांनी विचारले.

"नाही. ती पाण्याखाली गेली."

"आणि ते बाबा?"

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांचे नाव आम्हांला आठवत होते, अर्जाचा क्रमांकसुद्धा आठवत होता. ते कोठे गेले हे आम्ही कधी विचारले नव्हते.

समोरच्या खडकावर तोच, किंवा त्याच्या गोत्रातला, तो भुरा पक्षी येऊन बसला होता. पुन्हा तो पाण्यात शिरला आणि पुन्हा कोरडा बाहेर आला. सकाळी आम्ही त्याचे मनातल्या मनात कौतुक केले होते. आता तसे वाटेना. पाखराला देवाने तेल लावलेली पिसे दिली आहेत, त्याचे ते जगणे आहे. आमचा कोरडेपणा आम्ही स्वतः कमावला होता, आणि त्यावर बढत्या घेतल्या होत्या.

या रानात अधिकाऱ्यांच्या हातच्या दोन गोष्टी आम्ही त्या दिवशी पाहिल्या. हॉवेलचा मासा पाण्यात होता. अँडर्सनचा कागद, तो लिहिणारा जाऊन कितीतरी वर्षे झाली तरी, कोण या वाटेने जाईल आणि कोण नाही हे ठरवून गेला होता. अँडर्सनने निदान गावोगावच्या चालीरीती लिहून घेतल्या. तरीही यायच्या-जायच्या आज्या त्यातून सुटल्या. मग ज्याने खुर्चीतून न उठता लिहिले, त्याच्या कागदातून किती जण सुटले असतील? आपली बदली होते, आपण नव्या गावी जाऊन नवे पाणी पिऊ लागतो; आपण लिहिलेल्या ओळीची बदली होत नाही. ती तेथेच राहते, आणि तेथल्या माणसांना तिच्यासोबत राहावे लागते.

उतरणीला लागलो तेव्हा ऊन देवदारांच्या शेंड्यांवर गेले होते. शिळेपाशी येताच आम्ही थांबलो आणि वाटाड्याला म्हणालो, "आजींचा फाटा जरा दाखवता का? उद्यानाच्या नियमात बसत असेल तेवढाच."

तो हसला. नेचे बाजूला करून पंधरावीस पावले तो आम्हांला वर घेऊन गेला. मातीखाली, पानांखाली, दगडांना पायऱ्या होत्या. कोणी घडवलेल्या नव्हेत, झिजून झालेल्या. मध्यभागी किंचित खोलगट, जशा आपल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्याला असतात. आम्ही खाली वाकलो आणि एका पायरीवर तळहात ठेवला. दगड गार होता. सौभाग्यवतींनी बूट काढून तिच्यावर पाऊल ठेवून पाहिले. ते तेथे बरोबर बसले.

चौकीवर बाहेर पडण्याची वेळ लिहून सही करायची होती. वनरक्षकाने नोंदवही पुढे केली. आम्ही वेळ लिहिली. मग आमचीच सकाळची ओळ पाहिली, प्रयोजनाखालची ती दोन टिंबे. शासकीय नोंदीत खाडाखोड कशी करावी याचा नियम आहे. शब्दावर एकच रेघ मारावी, मूळ अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला आद्याक्षरी सही करावी. त्या नियमाप्रमाणे आम्ही टिंबांवर रेघ मारली, सही केली आणि शेजारी लिहिले: 'मौका मुआयना'.

वनरक्षकाने ते वाचले आणि तो दचकून उभा राहिला. "सर, आप कहाँ से आए हैं? कोई शिकायत है क्या?"

सकाळी अडखळलो होतो, तोच प्रश्न. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले आणि म्हणालो, शिकायत आहे, पण तुमच्याविषयी नाही, जुनी आहे.

पुढे वाटेवर संधिप्रकाशात एक गवताचा भारा समोरून येताना दिसला. या खेपेस आम्हांला कोणी सांगावे लागले नाही.